एकाच अंगाचा संगणक

"एकविसावं शतक आपल्या गावाच्या वेशीवर येऊन उभं आहे, आणि त्याला हाताला धरून आत आणण्याचा मान इतिहासानं आपल्या वाचनालयाला दिलेला आहे!"

आप्पासाहेबांनी उजवा हात छतापर्यंत नेला, डाव्या हातातला माईक तोंडाशी घट्ट धरला आणि ते टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या पहिल्या बाकावरून आल्या. दुसऱ्या बाकापर्यंत भाषण पोचलंच नव्हतं. माईक आप्पासाहेबांच्या बाजूचा होता. अँप्लिफायर आणि कर्णा रंगनाथअण्णांच्या माडीवर होता. माईकची वायर टेबलावरून खाली उतरून भिंतीपर्यंत गेली होती आणि तिचं टोक तिथल्या खिळ्याला नीट अडकवून ठेवलं होतं.

टेबलाच्या कडेला इतिवृत्ताची वही उघडून बसलेल्या यशोधराबाईंनी लिहिलं, 'मा. अध्यक्षांनी प्रास्ताविक केले.' शतकाचा उल्लेख त्यांनी टाळला.

खर्ड्याच्या अलीकडे असलेल्या तळेदैठणमध्ये हे कुणाला चमत्कारिक वाटत नसे. सत्त्याऐंशी साली वाचनालयाच्या निवडणुकीत आप्पासाहेबांचे सात आणि रंगनाथअण्णांचे सात असे सभासद निवडून आले. चिठ्ठी टाकून आप्पासाहेब अध्यक्ष झाले, अण्णा उपाध्यक्ष झाले, आणि चार शहाण्या माणसांनी मध्ये पडून तडजोड केली की वाचनालयाच्या प्रत्येक वस्तूवर दोन्ही बाजूंचा सारखा हक्क राहील. दुसऱ्या एखाद्या गावात याचा अर्थ 'मिळून वापरा' असा घेतला गेला असता. तळेदैठणनं तो शब्दशः घेतला. टीव्ही आप्पासाहेबांच्या ओसरीत गेला आणि त्याची अँटेना अण्णांच्या पत्र्यावर चढली. पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप अण्णांकडे राहिलं, किल्ली आप्पासाहेबांकडे. त्यामुळे कपाट बारा वर्षं सताड उघडं होतं आणि एकही पुस्तक चोरीला गेलं नव्हतं, कारण चोराला आधी आपली बाजू जाहीर करावी लागली असती.

दाखल पुस्तकांच्या रजिस्टरचंही तेच झालं. चार हजार तीनशे पुस्तकांच्या नोंदी असलेलं ते जाडजूड बाड मधोमध शिवण उसवून दोन केलं गेलं. पहिल्या दोन हजार पुस्तकांच्या नोंदी आप्पासाहेबांच्या देव्हाऱ्याखाली, उरलेल्या अण्णांच्या कणगीमागे. कुणी एखादं पुस्तक मागितलं, की ते वाचनालयात आहे का, असलं तर कुणाकडे गेलंय, हे बघायला यशोधराबाईंनी गावाच्या दोन टोकांना जाऊन यायचं. तोवर मागणारा कंटाळून घरी गेलेला असे.

यशोधराबाई बी.ए. झालेल्या होत्या आणि ग्रंथपालनाचा कोर्सही त्यांनी केला होता. पण त्यांची नेमणूक त्यामुळे झाली नव्हती. दोन्ही बाजूंनी आपापल्या सुनांची नावं पुढं केली होती आणि ती एकमेकांनी पाडली होती. मग 'हिकडचंबी न्हाई आन् तिकडचंबी न्हाई' असं माणूस शोधताना लोक बौद्धवस्तीपर्यंत पोचले. बाईंना हिकडच्यांनी आणि तिकडच्यांनी आपल्यात कधी धरलंच नव्हतं, त्याचा आयुष्यात एवढा एक फायदा झाला. नेमल्यावर लगेच त्यांचीही वाटणी झाली. सकाळचं वाचनालय आप्पासाहेबांच्या बाजूचं, संध्याकाळचं अण्णांच्या.

आता नव्याण्णव साल उजाडलं होतं. जिल्ह्याच्या एका योजनेतून गावाला संगणक मंजूर झाला होता. त्यासाठीचे सात अर्ज बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिले होते. त्याआधी वर्षभर दर रविवारी पहिल्या एस.टी.नं नगरला जाऊन त्या संगणक शिकल्या होत्या. त्यांना एकच गोष्ट करायची होती. चार हजार तीनशे पुस्तकं एका यादीत आणायची आणि कुणी विचारलं, की खुर्चीवरून न उठता उत्तर द्यायचं.

नगरहून आलेल्या नितीन नावाच्या विक्रेत्यानं टेबलावर दोन रंगीत कागद पसरले.

"योजनेत दोन मॉडेलं बसतात. किंमत सारखीच. फॉर्मवर 'अ' किंवा 'ब'वर खूण करायची. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि ग्रंथपाल अशा तीन सह्या, मंगळवारपर्यंत." त्यानं पहिला कागद पुढं सरकवला. "हे 'अ'. यात सीपीयूची पेटी वेगळी, मॉनिटर वेगळा."

रंगनाथअण्णा पुढं वाकले. "म्हंजे दोन तुकड्यांत येतो?"

"हो. मध्ये फक्त एक वायर."

"वायर काढता येती?"

"येते की. दोन स्क्रू फिरवले की झालं."

अण्णांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी अण्णांकडे पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या तोंडावर एकसारखी प्रसन्नता पसरली.

"'अ' चांगला वाटतो," आप्पासाहेब म्हणाले.

"एक नंबर," अण्णा म्हणाले.

मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या सभासदानं उपरण्यानं डोळे पुसले.

"दुसरं पण बघून घ्या," नितीन म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. "हे 'ब'. यात पेटीच नाही. सगळं पडद्याच्या मागंच बसवलेलं. एकच नग."

"ते नको," दोघं एकदम म्हणाले. आणि मग दोघांनाही तंत्रज्ञानाचं ज्ञान झालं. एकाच अंगाचं यंत्र बिघडलं तर सगळंच बसतं, असं आप्पासाहेब म्हणाले. पडदा गेला तर नुसता पडदा बदलता आला पाहिजे, असं अण्णा म्हणाले. नितीननं मान डोलावली. ते खरंच होतं. नगरच्या क्लासमधल्या सरांनीही बाईंना हेच बजावलं होतं, की मॉनिटर वेगळाच घ्या, दुरुस्तीला सोपं जातं. आज सकाळपर्यंत बाईंच्याही मनात 'अ'च होता.

"मग पेटी अध्यक्षांकडं," आप्पासाहेब म्हणाले.

"थांबा. पेटीत काय आसतं?"

"सगळं त्यातच असतं," नितीन म्हणाला. "मेंदू म्हणा."

"मेंदू तुमच्याकडं, आन् आमी नुसती काच पुसत बसायची व्हय?"

"पण दिसतं सगळं मॉनिटरवरच," नितीननं घाईघाईनं सांगितलं.

"आसं?" आप्पासाहेब ताठ झाले. "म्हंजे राबायचं आमच्या पेटीनं, आन् तोंड दिसायचं ह्यांचं?"

त्यावर पाऊण तास गेला. शेवटी सहा महिने पेटी हिकडं आणि पडदा तिकडं, मग सहा महिने उलट, असं ठरलं. संगणक चालू कुठं करायचा, हे कुणी विचारलं नाही.

"लिहा बाई. सर्वानुमते 'अ'."

यशोधराबाईंनी पेनाला टोपण लावलं. ते लागल्याचा बारीक आवाज झाला, आणि तो मात्र शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

"हे मी लिहिणार नाही."

"म्हंजे?"

"'ब' घ्या. 'अ'च्या ठरावावर माझी सही होणार नाही."

त्यांनी वही मिटली, ती पिशवीत घातली आणि पदर खोचत त्या बाहेर पडल्या. सभा तहकूब झाल्याची नोंद करायलाही मागं कुणी उरलं नाही.

घरी आक्काबाई, म्हणजे त्यांच्या सासूबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. बातमी बाईंच्या आधी घरी पोचली होती.

"त्या दोन बापयांच्या भांडनात तुला खुर्ची घावली," आक्काबाई म्हणाल्या, "आन् तीच मोडाय निघालीस व्हय?"

"खुर्ची कसली आत्याबाई? अर्धीच आहे."

"आर्ध्यावर अकरा वर्सं बसलीस की."

"म्हणून तर पाठ दुखते."

आक्काबाईंनी एक शेंग फोडली आणि दाणे तोंडात टाकले. "त्यो एका अंगाचा काय म्हनत्यात, त्यो लवकर बिघाडतो म्हनं."

"बिघडला तर आख्खा बिघडेल. निदान काय बिघडलंय ते कळेल तरी."

"सूनबाई, काढतील तुला."

"काढू देत."

"बरं." आक्काबाईंनी टरफलं सुपात लोटली. "मग सोमवारी सबंला जाताना जेवून जा. उपाशी मानसाचा आवाज बारीक निघतो."

सोमवारी सभेला चौदाच्या चौदा हजर होते. नितीनही आला होता. त्याला फॉर्म घेऊनच परत जायचं होतं. माईक कुणी आणला नव्हता.

"बाई, तुमी पगारी हाय," आप्पासाहेबांनी सुरुवात केली.

"आहे. पगार आख्ख्या वाचनालयाचा घेते, अर्ध्याचा नाही."

"आमच्या शब्दाबाहेर जाता?"

"शब्द दोन आहेत तुमचे. मी नेमक्या कुठल्या शब्दाबाहेर जाते, ते आधी दोघं मिळून ठरवा."

मागं कुणीतरी हसलं आणि मग खोकून ते हसू झाकलं. अण्णांनी समजुतीचा सूर लावला. "यशोधराबाई, वाटनी ही काय आमची हौस न्हाई. त्यानं गावात शांतता ऱ्हाती."

"शांतता आहेच अण्णा. टीव्ही लागत नाही, कर्णा वाजत नाही. शांतता लई आहे." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण नगरला जाऊन मिळवलेली शुद्ध भाषा कडेनं सुटायला लागली होती. "मागल्या महिन्यात ढवळ्यांची पोरगी डी.एड.च्या परीक्षेला पुस्तक मागायला आली. मी आधी आप्पासाहेबांच्या घरी गेले, तर ते लग्नाला गेल्ते. अण्णांकडं गेले, तर कणगीत नवी ज्वारी भरलेली, रजिस्टर मागं अडकलेलं. पोरगी तशीच गेली. पुस्तक कपाटातच हुतं, वरून तिसऱ्या फळीवर. मला आठ दिवसांनी दिसलं. परीक्षा झाल्यावर."

मग आप्पासाहेबांनी टेबलावर थाप मारली, कारण काहीतरी मारणं भाग होतं.

"तुमाला काढून टाकू!"

"टाका. त्याला ठराव लागंल. सूचक कोण?"

आप्पासाहेबांच्या बाजूचा एक हात वर गेला.

"अनुमोदक? वाचनालयाच्या घटनेप्रमाणं तो दुसऱ्या बाजूचा पाहिजे."

सगळ्यांनी अण्णांच्या सात जणांकडे पाहिलं. सातांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा विचार करत होते, आणि तो विचार त्यांच्या कपाळावर सहज वाचता येत होता : बाई गेल्यावर जागेवर येणार कुणाची सून?

वर गेलेला हात हळूहळू खाली आला आणि मान खाजवू लागला.

"आज सही झाली न्हाई तर?" अण्णांनी नितीनला विचारलं.

"तर यादीतलं पुढचं गाव. खर्ड्याचं नाव आहे बहुतेक."

हे ऐकून चौदाही जण सारखेच कासावीस झाले. एकमेकांना त्यांनी बारा वर्षं सोसलं होतं; खर्ड्याला सोसणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. आप्पासाहेबांनी फॉर्म ओढला, 'ब'वर एवढ्या जोरात खूण केली की कागद फाटता फाटता राहिला, आणि तो अण्णांकडे न बघता अण्णांकडे सरकवला.

संगणक टेम्पोतून आला तेव्हा वाचनालयाच्या पायरीशी दोन्ही बाजू उभ्या होत्या. खोकं उतरवता उतरवता नितीन बाईंच्या कानाशी लागला.

"मॅडम, दोघं पण येऊन गेले दुकानात. एक बुधवारी, एक गुरुवारी. दोघांचा प्रश्न एकच. मधून उघडतं का म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"उघडलं तर वॉरंटी जाते म्हणालो. मग गेले."

यंत्र टेबलावर बसलं. एवढं मोठं डोकं आणि धड नाहीच, असं ते दिसत होतं. लोकांनी त्याच्याभोवती फिरून पाहिलं, मागं हात घालून पाहिलं. फट कुठंच नव्हती. मग नितीननं खोक्याच्या तळातून आणखी दोन पुडकी काढली, आणि पायरीवर पुन्हा चैतन्य आलं. आप्पासाहेबांनी कीबोर्ड उचलला. अण्णांनी माउस उचलला, वायरीला धरून, उंदराला शेपटीनं धरावं तसा. दोघंही कुणाचा निरोप न घेता दाराकडे वळले.

"ठेवा."

दोघं थांबले.

"ठेवा ते खाली. दोघंबी." यशोधराबाई दारात आडव्या उभ्या होत्या. एक हात चौकटीच्या एका बाजूला, दुसरा दुसऱ्या. "आजपासून ह्या उंबऱ्याबाहेर काही जाणार न्हाई. न्यायचं आसंल तर मला उचलून बाजूला ठेवा आन् न्या."

अकरा वर्षांत त्यांना कुणी साधा पाण्याचा पेला हातानं दिला नव्हता. आता उचलून बाजूला ठेवण्याचा प्रश्न आला, आणि दोन्ही बाजूंची पंचाईत झाली. आप्पासाहेबांनी जिथून घेतला तिथं कीबोर्ड ठेवला. अण्णांनी माउस त्याच्या शेजारी ठेवला आणि हात धोतराला पुसला.

"रजिस्टरं उद्या सकाळी पाहिजेत," बाई म्हणाल्या. "दोन्ही."

रजिस्टरं आली, पण मालकांसकट. आपली नोंद दुसऱ्याच्या नोंदीत मिसळून बाई काही घोळ घालतील, या भयानं आप्पासाहेब रोज येऊन बाकावर बसू लागले. आप्पासाहेब बसतात म्हटल्यावर अण्णांनाही बसणं आलं. संगणक एकच, पडदा एकच, त्यामुळे बाकही एकच. दोघांच्या मध्ये वीतभर जागा असे. सकाळचं आणि संध्याकाळचं वाचनालय कधी एक झालं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दोघंही दिवसभर तिथंच असत.

बाई टाइप करत राहिल्या. क्रमांक, नाव, लेखक, शेवटी शेरा. दिवसाला शंभर कधी, वीज गेली की पन्नास. पुस्तकांची नावं डोळ्यांसमोरून खडी वाहून जावी तशी जात होती; वाचायला सवड नव्हती. दोन महिन्यांनंतर एका सकाळी त्यांनी शेवटची नोंद केली, बोटं मोडली आणि खुर्ची मागं सारली. वाचनालय भरलेलं होतं. त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी माणसं उठून टेबलाभोवती येऊन थांबली.

"झालं," बाई म्हणाल्या. "चार हजार तीनशे आठ. विचारा आता. कुठलंही विचारा."

एवढं मोठं आव्हान अंगावर आल्यावर कुणाला एकाही पुस्तकाचं नाव आठवेना. शेवटी आप्पासाहेबांनी घसा साफ केला.

"'विषकुंडाचे रहस्य' म्हनून एक हुती," ते छताकडे बघत म्हणाले. "कादंबरी. आहे का बघा. उगंच आपलं."

बाईंनी नाव टाइप केलं आणि कळ दाबली. यंत्रानं आत थोडी कुरकुर केली, आणि पडद्यावर एकाखाली एक दोन ओळी आल्या.

आठशे सत्तर, 'विषकुंडाचे रहस्य', भाग पहिला. शेरा : आप्पासाहेबांकडे, ऑगस्ट सत्त्याऐंशी.

दोन हजार तीनशे चार, 'विषकुंडाचे रहस्य', भाग दुसरा. शेरा : रंगनाथअण्णांकडे, ऑगस्ट सत्त्याऐंशी.

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं. ज्यांना येत नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी कानात सांगितलं. या दोन ओळींसाठी दोन वेगवेगळ्या घरांत जावं लागत होतं, तोवर त्या ओळी कुणी एकत्र पाहिल्याच नव्हत्या. आता त्या साऱ्या गावासमोर दिव्यासारख्या उजळून उभ्या होत्या. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, दोघंही बारा वर्षांचे थकबाकीदार.

आप्पासाहेबांच्या बाजूचा एक सभासद पुढं वाकला. "बाई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तेवढा शेरा पुसून टाका की. कोन बघनारै."

"नाही पुसणार."

"आवो, अध्यक्ष हायेत ते."

"असतील. जे आहे ते दिसणार. ह्यांचंही आणि त्यांचंही." यशोधराबाईंनी खुर्ची यंत्राला टेकवली, त्याच्याकडे पाठ करून बसल्या आणि हाताची घडी घातली. काढायचं असेल तर आज काढा, रजिस्टरं न्यायची असतील तर न्या, यादी आता कुणाला नेता येणार नाही, एवढं सगळं त्या घडीत होतं.

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "ती बाई विहिरीवर का गेली," ते कुणालाच उद्देशून नाही असं पुटपुटले, "ते आपल्याला काय शेवटपत्तुर कळलं न्हाई. ते आदीच्या भागात आसंल."

आप्पासाहेब उठून उभे राहिले. टेबलाभोवतीची माणसं एक पाऊल मागं सरली. त्यांनी उपरणं सारखं केलं, पडद्याकडे पाहिलं, बाईंच्या हाताच्या घडीकडे पाहिलं, उजवा हात वर नेऊ लागले आणि तो निम्म्यातच थांबवून पुन्हा बाकावर बसले, वीतभर अंतर नीट राखून.

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "अण्णांना तेवढं इचारता का, दुसरा भाग वाचून झाला आसंल तर आठ दिवसांपुरता मिळंल का म्हनावं."